सूर्यास्ताआधीचं हळद-दूध



थंडी पडायला लागली की मोबाईलवर हळदीच्या कृतींचा पाऊस सुरू होतो. यंदा कार्तिकात माझ्याकडे अकरा आल्या. मोजायची सवय आहे, बी.कॉम.ची खोड म्हणा. त्या अकरांतल्या नऊ आपल्या घरात जशाच्या तशा चालणाऱ्या नव्हत्या. कुणी ओली हळद किसायला सांगतं, कुणी आल्याचा रस, शेवटी चमचाभर मध, आणि वर "रात्री झोपताना गरमगरम प्या". कंद, मध आणि रात्र, सगळं एकाच पेल्यात! त्यामुळे आपल्या बायका दोनच गोष्टी करतात. एक तर "आपल्याला नाही चालत" म्हणून सोडून देतात, नाहीतर "औषधच आहे" म्हणून डोळे मिटून पितात. दोन्हींची गरज नाही.

ओली हळद कंद, मग वाळलेली कशी चालते, हे सुना आणि नाती हमखास विचारतात. माझ्या सासूबाई सांगायच्या ते असं. ओल्या कंदात अनंत जीव, तो जमिनीत टाकला की पुन्हा फुटतो. हळद आणि आलं वाळलं की त्यातला जीव जातो, ते प्रासुक होतं, आणि आपण ते चिमटीनं वापरतो, भाजीसारखं ताट भरून खात नाही. म्हणून हळकुंड आणि सुंठ चालते, आणि जानेवारीत मंडईत दिसणारी ओली हळद, तिचं लोणचं, आपल्याकडे येत नाही. माझी नात यावर म्हणाली, "पण आजी, वाळवायला आधी कुणीतरी ती उपटतंच ना?" प्रश्न खरा आहे. मी तिला म्हटलं, पुढच्या चातुर्मासात माताजींना विचार. मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच मी सांगते.

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे, त्यामुळे आमच्या घरात वह्यांनासुद्धा हळदीचा वास असायचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडील नव्हते, नाहीतर पेढे वाटले असते. जवळच हरिपूरला जमिनीत खोल पेवं होती. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, माल वर्षानुवर्षं टिकायचा. २००५च्या महापुरात त्या पेवांचं फार नुकसान झालं.

शेतातून काढलेली हळद आधी काहिलीत शिजवतात, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि शेवटी पिंपात घोळून चकाकी आणतात. म्हणजे आपल्या हातात येतं ते हळकुंड उकडलेलं आणि वाळलेलं असतं. हे ठाऊक असलं की घरातल्या प्रश्नांना उत्तर देणं सोपं जातं.

घेताना पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या. वडील हळकुंड मोडून बघायचे. कट्कन मोडलं पाहिजे, वाकता कामा नये, आणि आतून गर्द नारिंगी दिसलं पाहिजे. तळहातावर घासल्यावर फार पिवळं सुटलं तर वरून रंग लावलाय असं समजायचं. हा रंग कधी कधी लेड क्रोमेटचा असतो, म्हणजे त्यात शिसं असतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. पूड घ्यावीच लागली तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाका आणि ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर ती पूड टाकून द्या. "पैसे गेले" म्हणून आमटीत घालू नका.

घरी दळायची तर हळकुंड आधी बत्त्यानं फोडून घ्या, नाहीतर मिक्सरचं पातं जातं. मग वस्त्रगाळ करा. ज्यांच्याकडे महाराजांचा चौका लागतो त्यांना मर्यादा सांगायला नको: दळलेलं हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. एरवीच्या घरखर्चाला एवढं कुणी पाळत नाही, पण त्या नियमामुळे थोडीथोडी ताजी हळद दळायची सवय लागली आणि तिचा वास काही वेगळाच असतो. दुकानातल्या वर्षभराच्या पुडीला तो येत नाही.

आता हळद-दूध. एका माणसाला दीड कप... नको, नीट सांगते: एक कप दूध, पाव कप पाणी, पाव चमचा हळद, एक काळी मिरी भरड कुटून, चिमूटभर सुंठ. सगळं एकत्र मंद आचेवर ठेवायचं आणि पाणी आटेपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं, उकळायचं. हळद नुसती वरून टाकली तर कच्चट लागते आणि मुलं तोंड वाकडं करतात. उतरवल्यावर अर्धा चमचा साजूक तूप. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतं आणि दोष दूधवाल्याला जातो. मध नाही. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हे आपल्या मूलगुणांत आहे, त्यात "औषधापुरता" अशी सवलत मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. गुळानं घशाला तेवढंच बरं वाटतं.

वेळेचं काय? डिसेंबरात आपल्या मोहोळला सहाच्या आत सूर्य मावळतो. त्याआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं धरली तर पाच वाजले. आमच्या घरी पाचलाच हळद-दूध होतं आणि त्यानंतर कुणी काही घेत नाही. "झोपतानाच प्यायला हवं" असा काही हळदीचा हट्ट नसतो. झोपताना प्यायची पद्धत पडली, कारण लोक रात्री जेवतात. लहान मुलांना आणि आजाऱ्याला मात्र मी अडवत नाही. रात्री अकराला नातवाला खोकल्याची उबळ आली आणि सूनबाईंनी त्याला कोमट पाणी दिलं, तर मी उठून पातेलं पुढे करते. नियम माझा आहे, तो चार वर्षांच्या पोराच्या गळ्यात बांधायचा नाही.

मिरीचं कारण सांगते. हळदीतला गुणाचा भाग म्हणजे कर्क्युमिन, आणि तो शरीरात सहजासहजी शोषला जात नाही. १९९८ साली बंगळुरूच्या डॉक्टरांनी प्रयोग केला: २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिलं, तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा हळदीच्या प्रत्येक जाहिरातीत असतो. पण हिशेब कुणी करत नाही, तो मी केला. पाव चमचा हळद म्हणजे साधारण पाऊण ग्रॅम. त्यात कर्क्युमिन तीनेक टक्के, म्हणजे साडेबावीस मिलिग्रॅम. प्रयोगात २००० मिलिग्रॅम होतं. म्हणजे तेवढं पोटात जायला असे ८९ पेले प्यावे लागतील! आणि शोषण वाढलं म्हणजे आजार बरा झाला, असंही त्या प्रयोगात म्हटलेलं नाही. आपल्याकडे म्हण आहेच, पी हळद आणि हो गोरी.

याचा अर्थ हळद निरुपयोगी असा कुणी घेऊ नका. घसा धरला, अंग मोडून आलं, तर या पेल्यानं बरं वाटतं, हे मी चाळीस वर्षं बघतेय. जखमेवर हळद लावणं तर इतकं जुनं की १९९५ साली अमेरिकेत त्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरनं ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्यासाठी जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवावे लागले. "आमच्या आजीला माहीत होतं" एवढ्यावर ते पेटंट रद्द झालं नसतं. कृती वहीत लिहून ठेवा म्हणून मी मागे लागते ते यासाठी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. माझ्या वन्सं बार्शीला असतात, वय ७२. साखर, रक्तदाब, दोन्ही आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना कुणीतरी सांगितलं की कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. हे खरं आहे, बहुतेक कॅप्सूल जिलेटिनच्याच असतात. वन्संच्या पाच औषधांत कॅप्सूल एकच होती. पण मनात किंतु आला तो पाचही औषधांवर आला. त्यातून रात्रीची गोळी सूर्यास्तानंतर पाण्याबरोबर घ्यावी लागते, हे त्यांना आधीपासून टोचत होतंच. मग मोबाईलवर आलेलं मेथी-हळदीचं पाणी सुरू केलं आणि औषधं डब्यासकट कपाटात ठेवली. मुलाला सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही, आम्हाला नाही. वीस-बावीस दिवसांनी पायाला चप्पल चावली, ती जखम चिघळली, ताप भरला, आणि सोलापूरला नेलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती. उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

मी दवाखान्यात चार रात्री त्यांच्याजवळ होते. त्या रडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "डॉक्टरांना कसं विचारायचं गं असलं? हसतील ना ते." मला त्या बोटापेक्षा या वाक्याचं जास्त वाईट वाटलं. शिकलेली, चार मुलांची आई, मंदिराचा सगळा हिशेब सांभाळलेली बाई, आणि तिला वाटतं की आपला नियम सांगितला तर हसतील.

डॉक्टर हसले नाहीत. मी वहीत पाचही औषधं लिहून नेली होती आणि समोर दोन प्रश्न ठेवले. कॅप्सूलच्या जागी गोळी मिळेल का? मिळाली. नसती मिळाली तर वनस्पतीपासून केलेल्या कवचाच्या कॅप्सूलही येतात, असं त्यांनीच सांगितलं. दुसरा प्रश्न, रात्रीची गोळी संध्याकाळी पाचला घेतली तर? त्यांनी दोन मिनिटं कागद बघितला, एक औषध सकाळी हलवलं, दुसरं पाचच्या जेवणाबरोबर ठेवलं. काम झालं. पण वेळ मनानं बदलू नका. साखरेची काही औषधं जेवणाशी बांधलेली असतात, आणि संध्याकाळी पाच ते सकाळचं पारणं एवढा वेळ पोट रिकामं राहणार असेल तर तेही डॉक्टरांना सांगायलाच हवं. उपवास, एकासन असेल तर आधी विचारा.

हळदीच्या तयार कॅप्सूलचीही तीच गोष्ट. "नैसर्गिक" लिहिलेलं असतं, पण कवच जिलेटिनचं असू शकतं. शिवाय त्यात हळद नसते, तिचा अर्क असतो, तोही मिरीच्या अर्काबरोबर. इटलीत २०१९ मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांना यकृताचा त्रास झाल्याचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं होतं. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, तर भाजीतली हळद ठीक, पण रोजचे पेले आणि अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आपल्या परंपरेत वैद्यकाला कधी कमी लेखलेलं नाही, हेही वन्संना मी दवाखान्यातच सांगितलं. उग्रादित्याचार्यांचा कल्याणकारक हा संस्कृतातला वैद्यकग्रंथ राष्ट्रकूटांच्या काळातला, एका जैन मुनींनी लिहिलेला, आणि तो छापला गेला आपल्या सोलापुरातच, १९४० साली. शेवटी मांसाहार औषध म्हणूनसुद्धा का नको, याची चर्चा आहे. म्हणजे नियम पाळून रोग्याला बरं कसं करायचं, हा विचार हजार वर्षांपूर्वीही चालू होता.

काढ्याचं राहिलं. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं जो काढा सांगितला त्यात तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका होत्या, गोडीला गूळ. बघा, ओलं आलं नाही, मध नाही! दोन कप पाण्याला पाच-सहा तुळशीची पानं, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन मिऱ्या, पाव चमचा सुंठ, सहा मनुका घाला आणि निम्मं होईपर्यंत उकळा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य असेल तर तुळस गाळा. पण तेव्हा लोक हा काढा दिवसातून चार-चार वेळा प्यायले, आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या वरचं ऊन. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तोंड आलं होतं आणि आम्लपित्तानं रात्री झोप नव्हती. मोहोळच्या उन्हाळ्यात काढा आणि हळद-दूध दोन्ही बंद ठेवा. धणे-जिरे रात्रीऐवजी सकाळी गाळलेल्या पाण्यात भिजवा, दुपारी गाळून खडीसाखर घालून घ्या. कैरीचं पन्हं आहे, कोकम आहे.

वन्सं आता पाचला गोळी घेतात आणि तिच्यानंतर अर्धा कप हळद-दूध, गुळाशिवाय. हे दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवलं आहे. परवा फोनवर विचारत होत्या, हळकुंडं संपली, सांगलीला कधी जाणार आहेस. मी पौषात जाणार आहे, कुणाला हवी असतील तर किलोचा आकडा आधी कळवा. मागच्या वेळी ऐनवेळी सात जणींनी सांगितलं आणि बस मध्ये पोतं माझ्या मांडीवर होतं.

जय जिनेंद्र.