जीपवाल्यांचा संघ

महिंद्रा युनायटेडचा एकही सामना मी मैदानावर पाहिला नाही. कुठे मुंबईचे कूपरेज अन् कुठे आमचे शहादे! पण त्या खेळाडूंना ‘जीपमेन’ म्हणत, आणि तोरणमाळचा घाट मी जन्मभर जीपमध्ये खेटून बसून चढलो. तेवढ्या नात्यावर मी त्यांचा झालो.

१९६२ साली निघालेल्या या कारखान्याच्या संघाने २००५-०६च्या मोसमात फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग दोन्ही जिंकले. ते कात्रण मी वर्गात चिकटवले. शाळेत फुटबॉल एकच, तोही दोनदा शिवलेला.

२०१० साली मालकांनी संघ मोडला. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार म्हणाले. मी कात्रण काढू लागलो.

“राहू द्या ना, गुरुजी,” मागच्या बाकावरून आवाज आला.

राहू दिले. पुढे पावसाळ्यात भिंत ओलावली, तेव्हा गळून पडले.