वाईचा घाट : रिकामा आणि भरलेला

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागून खंबाटकीचा घाट ओलांडला, म्हणजे सुरूरपाशीं उजव्या हातास वाईचा रस्ता फुटतो. वाटेवर उरल्यासुरल्या जुन्या वडांची सांवली, समोर पांडवगडाचा डोंगर, आणि मग एकाएकीं कृष्णेचें पात्र व त्याच्या कांठचीं देवळांचीं शिखरें. वाईचें वर्णन आजवर पुष्कळांनीं केलें आहे, व दक्षिण काशी हें बिरुदही या गांवानें कधींच मिळविलें आहे. त्या वर्णनांत भर घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. आम्ही वाईस गेलों तें एका शब्दापायीं.

हौशी छायाचित्रकारांत जगभर एक चाल रूढ आहे. दर आठवड्यास एक विषय ठरवावयाचा आणि मुदतीच्या आंत त्यावर एक छायाचित्र टिपून आणावयाचें. कांहीं मंडळींत याहून पुढची अट असते. टिपलेलें चित्र आहे तसें मांडावयाचें नाहीं; संगणकावर त्याचे रंग पालटून, भाग गाळून, एकावर एक थर चढवून त्यांतून नवें चित्र घडवावयाचें. आमच्या घरांत ही साथ पुतणीनें आणली. रविवारचीं जेवणें झालीं कीं वाटींतील चिठ्ठ्यांतून धाकट्या चिरंजीवांनीं एक उचलावी, आणि साऱ्या घरानें आठवडाभर त्या शब्दाच्या मागें धांवावें! ‘उंबरठा’ झाला, ‘तांबडें’ झालें. ‘तीन’ या विषयावर आमच्या वकील बंधूंनीं कुकरच्या तीन शिट्ट्या दाखविण्याचा पण केला, आणि एकाच कुकरावर तीन वेळच्या वाफांचे थर चढवून तो पुराही केला. चित्रापेक्षां त्यावरील त्यांचें व्याख्यान मोठें होतें, हें सांगितलें पाहिजे.

पुढें ‘घाट’ हा शब्द निघाला, तेव्हां थोरल्या काकू अंथरुणावरून म्हणाल्या, “मग वाईसच जा कीं.” काकूंचें माहेर वाईचें. वय शहाऐंशी, गेलीं चार वर्षें त्यांस जिना उतरवत नाहीं.

वाईचे घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, ब्राह्मणशाही अशा आळीआळींचा नदीशीं स्वतंत्र संबंध आहे. हिंवाळ्यांत कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, म्हणजे देवी एका घाटावरून दुसऱ्या घाटावर पाहुणी जाते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसाशीं त्याचें मूळ जोडतात. गणपति आळीच्या घाटावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. मूर्ति एकाच दगडाची, सुमारें दहा फूट उंच. मला मात्र मूर्तीपेक्षां देवळाची पाठ अधिक पाहावीशी वाटते. पुराचें पाणी अंगावर आलें तर तें दुभंगून दोन बाजूंनीं निघून जावें, म्हणून मागची भिंत मत्स्याकार निमुळती केलेली आहे. नदीला अडवावयाचें नाहीं, वाट द्यावयाची, ही त्या गवंड्यांची समज होती.

सकाळीं आठाच्या सुमारास पुतणीनें तिवईवर कॅमेरा पक्का बसविला व तासाभरांत तो तसूभरही न हलवितां तीस छायाचित्रें घेतलीं. यांतली युक्ति गंमतीची आहे. तिसांही चित्रांतील एकाच जागेचा बिंदु घ्यावयाचा, त्याच्या उजळपणाच्या तीस किंमती क्रमानें मांडावयाच्या, आणि मधली तेवढी ठेवावयाची. पायरी तिसांपैकीं पंचवीस चित्रांत दिसते. तिच्यावरून चालत जाणारा मनुष्य एकदोनच चित्रांत असतो. म्हणून पायरी राहते आणि मनुष्य नाहींसा होतो. हें गणित संगणक निमिषांत करतो. पुण्यास परतल्यावर पडद्यावर घाट उमटला तो निर्मनुष्य. उरले दोघेच. खालच्या पायरीवर निजलेलें एक कुत्रें, आणि तासभर माळ ओढीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ. जे हलले नाहींत तेवढेच राहिले.

त्यानंतर तिनें वरच्या अंगाचा विजेचा खांब पुसला, तारा पुसल्या, पायरीवरची प्लास्टिकची पिशवी पुसली, व त्या त्या जागीं शेजारच्या दगडाचे तुकडे इतके बेमालूम बसविले कीं सांधा शोधूनही सांपडेना. चित्र सुंदर झालें होतें. पण आमच्या बंधूंस तें रुचेना. ते म्हणाले, “हा पुरावा नव्हे, ही बनावट आहे.”

येथें थोडें मागें जाणें भाग आहे, कारण ही कला संगणकाबरोबर जन्मली असा पुष्कळांचा समज असतो. फोटोशॉप बाजारांत आलें १९९० सालीं. छायाचित्रांची जुळवाजुळव त्याहून सव्वाशें वर्षांहून अधिक जुनी आहे. इंग्लंडांत रेलँडर यानें १८५७ सालीं तीसांहून अधिक काचा जोडून एकच भव्य चित्र केलें, आणि त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीनें घेतली. फार लांब कशाला, आपल्या मुंबईंतच विल्यम जॉन्सन यानें नाना जातिजमातींच्या लोकांचीं चित्रें टिपलीं, तीं कापून मुंबईच्या खऱ्या स्थळांच्या चित्रांवर बसविलीं, आणि त्यांचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं लंडनास प्रसिद्ध केले. नाथद्वाऱ्यास तर याहून हृद्य चाल होती. यात्रेकरूच्या छायाचित्रांतील चेहरा कापून तो श्रीनाथजींच्या रंगविलेल्या चित्रांत, हात जोडून उभ्या असलेल्या आकृतीवर चिकटवीत आणि तें मनोरथाचें चित्र यात्रेकरू घरीं नेई. त्यास कोणी बनावट म्हटलें असतें तर तो खचित रागावला असता.

तरीही बंधूंचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हे. १९८२ च्या फेब्रुवारीच्या अंकावर ‘नॅशनल जिऑग्राफिक’नें उभें मुखपृष्ठ साधावें म्हणून इजिप्तचे पिरॅमिड जवळ सरकविले, आणि त्यावरून केवढा गहजब झाला! जेथें वाचक चित्राच्या भरंवशावर एखादी गोष्ट घडली असें मानतो, तेथें एक तारही पुसण्याचा अधिकार कोणास नाहीं, असें माझेंही मत आहे. घरांतल्या खेळाला हा दंडक लावावा कीं काय, एवढाच प्रश्न होता. आणि तो आम्हीं काकूंच्या उशाशीं नेला.

काकूंनीं चष्मा पुसला व बराच वेळ पाहिलें. वाह वा मिळेल अशी आमची अटकळ. त्यांनीं विचारलें, “बायका कुठें गेल्या? सकाळच्या वेळीं घाटावर बाई नाहीं असें कधीं होतें का ग?” पुतणीनें ती मधल्या किंमतीची युक्ति समजावून दिली. काकूंनीं ती ऐकून घेतली. मग बोट वरच्या कोपऱ्यावर टेकलें. “आणि इथला दिवा?”

“तो खांब होता काकू, वाईट दिसत होता म्हणून काढला.”

“वाईट कसा दिसेल? पहिला दिवा इथेंच लागला. मी सात वर्षांची असेन. आमची आई तिन्हीसांजेनंतर कधीं घाट उतरली नव्हती. बायकांनीं उतरावयाचें नाहीं, असें आजीचें शास्त्र. पण दिवा लागला त्या रात्रीं आजीच म्हणाली, चला ग, आपणही पाहूं. अर्ध्या आळीच्या बायका इथें उभ्या होत्या, आणि पाण्यांत उजेड हलत होता. आईला तो पाहतांना मीं पाहिलें आहे. खांब तोच नसेल आतां. जागा तीच.”

बंधू आपल्या बाजूचा निकाल लागला म्हणून खुष झाले. परंतु तो त्यांच्याही बाजूचा नव्हता, हें पुढें दिसलें. पुतणीनें त्याच तीस चित्रांचा उलटा उपयोग केला. पुसलेलें तर परत आणलेंच, शिवाय तासाभरांत जें जें माणूस त्या पायऱ्यांवरून गेलें तें तें वेगळ्या थरावर काढून सारींच्या सारीं एकाच घाटावर उभीं केलीं. धुणें आपटणारी बाई चार जागीं दिसते. घागर नेणारी मुलगी वरही आहे आणि खालींही. त्या क्षणीं त्या घाटावर इतकीं माणसें कधींच नव्हतीं. खरेपणाच्या तागडींत हें चित्र पहिल्याइतकेंच हलकें ठरेल. काकूंस तेंच पसंत पडलें. त्यांनीं माणसें मोजलीं. एक्केचाळीस भरलीं, कुत्रें धरून बेचाळीस. तें चित्र आतां त्यांच्या खाटेसमोर आहे. रिकामा घाट बंधूंनींच मागून घेतला व कचेरींत लाविला! पुराव्याचा मुद्दा त्यांनीं पुन्हा काढला नाहीं.

पावसाळा सरतांना आम्ही पुन्हा गेलों, तें मेणवलीस. वाईपासून ती कोसभर वर आहे. नाना फडणिसांचा वाडा, त्याच्या पाठीशीं अर्धचंद्राकृति घाट, आणि तेथें मेणेश्वराचें देऊळ. चित्रपटवाल्यांस ही जागा फार प्रिय. ‘स्वदेस’चें (२००४) चित्रीकरण येथेंच झालें. देवळापाशीं टांगलेली मोठी घंटा मात्र थांबून पाहावी. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई सर केली, त्यानंतर तेथून आणलेल्या घंटांपैकीं ती एक. तिच्यावर १७०७ हा आंकडा आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति आहे. उजेड अंधुक, धातु काळवंडलेली. डोळ्यांस धड कांहीं दिसेना.

पुतणीनें या वेळीं कांहीं पुसलें नाहीं व कांहीं जोडलेंही नाहीं. कमी-अधिक उजेडाचीं पांच छायाचित्रें घेऊन त्यांच्या मिश्रणानें काळोख तेवढा हलका केला. रात्रीं तें काकूंच्या हातीं दिलें. त्यांनीं तें दिव्याजवळ धरलें आणि म्हणाल्या, “लहानपणीं ही घंटा कितीदां वाजविली. बाईच्या कडेवर मूल आहे, हें आज कळलें.”