अब्बांची बुलेट आणि चौपदरी रस्ता

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा पुण्याहून घरी आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, हॉस्टेलचं जेवण, नवे मित्र, सगळं सांगून झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यानं मनातलं काढलं. "अब्बू, सुट्टी संपली की दादाअब्बांची बुलेट पुण्याला घेऊन जाऊ का?"

मी लगेच नाही म्हटलं. त्यानं मोबाइल पुढे धरला. बुलेटवरून लडाखला जाणाऱ्या पोरांचे फोटो होते. "लोक खारदुंगला जातात आणि तुम्ही मला पुण्याला सोडत नाही." कारण न देता नाही म्हणणं मला वर्गातही जमत नाही, म्हणून मग नीट बसलो.

आमचं उचगाव म्हणजे बेळगावजवळचं नव्हे, करवीर तालुक्यातलं, गांधीनगरच्या शेजारचं. पुणे-बेंगळुरू हायवे गावाला चिकटून जातो. तावडे हॉटेलच्या चौकात उभं राहिलं की डाव्या-उजव्या हाताला अख्खा देश धावताना दिसतो. अब्बा उद्यमनगरात फिटर होते. १९९१ साली त्यांनी सेकंडहँड बुलेट घेतली तेव्हा हाच रस्ता दुपदरी होता, राष्ट्रीय महामार्ग ४. कडेला झाडं, समोरून येणारी लाल एसटी, आणि चढाला रांगणारे ट्रक. त्या रस्त्यावर साठ-पासष्टनं चाललेली बुलेट सगळ्यांना मागे टाकायची. मी टाकीवर बसून ते पाहिलंय. अब्बांना ओव्हरटेक करणारा फक्त एखादा अँबॅसिडरवाला असायचा, त्यालाही अब्बा "जाऊ दे साहेबाला" म्हणायचे.

पुढे २००० नंतर रस्ता चौपदरी झाला, आता नंबरही ४८ आहे आणि सहापदरीचं काम चाललंय. गाडी आहे तीच राहिली. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढंच आहे.

उरलेलं अर्धं इंजिनात आहे. मूळ आराखडा १९४९ च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या रेडिचचा. आपल्या लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, त्यातून १९५५ मध्ये मद्रासला कंपनी उभी राहिली. इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, आपल्याकडचा चालू राहिला. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणून ३४६ सीसी. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात लांब पल्ला गाठायचा असतो. अशा इंजिनाला कमी फेऱ्यांतच जोर मिळतो, पण फार फिरवलेलं त्याला सोसत नाही. ताकद जेमतेम १८ अश्वशक्ती, तीही शेवटच्या टोकाला.

लडाखचं उत्तर मुलाला इथेच मिळतं. घाटात माणूस दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसनं जातो, दर वळणाला थ्रॉटल सोडतो. या इंजिनाला तसंच चालायला आवडतं. हायवेवर थ्रॉटल एकाच जागी धरून दोन-दोन तास काढायचे असतात. उंच डोंगरापेक्षा सपाट किणी-कराड रस्ता या गाडीला जड.

आणि हादरे. पिस्टन वर-खाली जातो, त्याचा तोल सांभाळायला क्रँकवर वजन असतं, पण एका सिलिंडरमध्ये ते वजन सगळा हादरा मारू शकत नाही. वर-खालीचा घालवला तर पुढे-मागे सुरू होतो. म्हणून निम्म्याच्या आसपास तडजोड करतात आणि बाकीचं चालवणाऱ्याच्या तळहाताला देतात. शिवाय हा हादरा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सव्वापट केला की हादरा दीडपटीच्या वर जातो. पासष्टला जी धकधक गाण्यासारखी वाटते तीच ऐंशीच्या वर दातात उतरते. त्याहून वाईट म्हणजे आरसा. ऐंशीनंतर आमच्या आरशात मागची गाडी दिसत नाही, नुसता रंग दिसतो. ज्या रस्त्यावर धोका मागून येतो, तिथे मागचं दिसत नाही.

हे सगळं मला कळत होतं, तरी एकदा मी ते धाब्यावर बसवलं. मुलाला तोपर्यंत सांगितलं नव्हतं.

२०११ सालची गोष्ट. अब्बा जाऊन दोन वर्षं झाली होती. साताऱ्याची फुफी वारली. अब्बांची एकुलती एक बहीण, माझ्या बीएडच्या फीमध्ये तिच्या बांगड्यांचा वाटा होता. शाळेत निरोप मिळाला, परवानगी काढून घरी येईपर्यंत साडेअकरा वाजत आले. मय्यतीला उशीर करत नाहीत. जोहरनंतर, दीड वाजता जनाजा ठरला होता. उचगाव ते सातारा साधारण १२० किलोमीटर. सत्तरनं गेलं तर पावणेदोन तास, म्हणजे सव्वा वाजता पोचलो असतो. गणित मला येतं. पण त्या दिवशी डोक्यात नव्वदचं गणित बसलं होतं, एक तास वीस मिनिटांचं. तेवीस मिनिटं वाचवायची होती. फुफीचं तोंड पाहायचं होतं.

तेल पाहिलं नाही. झाकण काढून पट्टी पुसून बघायला एक मिनिट लागतं, तेही दिलं नाही. किणीचा टोलनाका, पेठ नाका मागे पडले. काटा नव्वदवर. कासेगावच्या आसपास आवाज बदलला, कोरडा झाला. मी तो ऐकला आणि थ्रॉटल सोडलं नाही. मग पिस्टननं सिलिंडरला पकडलं. मागचं चाक क्षणभर जाम, गाडी आडवी व्हायला लागली, क्लच दाबला म्हणून सुटलो. कडेला येईपर्यंत मागून एक ट्रक हॉर्न देत इतक्या जवळून गेला की त्याच्या ताडपत्रीचा दोर मोजता आला असता.

ओतीव लोखंडाचा सिलिंडर तापायला वेळ लावतो आणि निवायलाही. पाऊण तास उसाच्या बांधावर बसलो. डीकॉम्प दाबून किक हलते का बघायचो, हलत नव्हती. शेवटी हलली. जवळच्या गॅरेजवाल्यानं तेल आणून दिलं आणि म्हणाला, "सर, आता पन्नासच्या वर जाऊ नका." साताऱ्याच्या कब्रस्तानाशी पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. लोक हात झाडत बाहेर येत होते. फुफेऱ्या भावानं मला पाहिलं आणि परत आत नेलं. ओल्या मातीवर मी माझ्या तीन मुठी टाकल्या. कुणी काही बोललं नाही. एसटीनं आलो असतो तर वेळेत आलो असतो का, हा हिशेब मी घरी येऊन केला.

जोहर एकट्यानं पढलो, दोन रकात, मुसाफिराची. आपल्या हनफी उलेमांनी मुसाफिराची हद्द तीन दिवसांच्या पायी चालीवरून ठरवलीय, सुमारे ७७ किलोमीटर. तीन दिवसांची ती वाट तासाभरात संपवायला निघालेल्या माणसालाही ती सवलत मिळते, याचं त्या दिवशी मला नवल वाटलं.

मुलगा ऐकत होता. म्हणाला, "पण मी सत्तरनंच जाईन." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर मोटारींना १०० ची आणि दुचाकीला ८० चीच मर्यादा आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आणि समृद्धीवर तर दुचाकीला मनाईच. तेव्हा कायद्याच्या हिशेबानं बुलेटची चाल बरोबर आहे. सत्तरनं, दिवसाउजेडी, तासाला एकदा थांबत, तेल बघत गेली तर अब्बांची गाडी पुण्यालाच काय, बेंगळुरूलाही जाईल. मी म्हटलं, बघू. रविवारी साताऱ्याला जाऊन येऊ. तू चालव, मी मागे.

फजर पढून निघालो. पोरगं चांगलं चालवत होतं. काटा पासष्ट-सत्तर. त्याला टोचत होतं ते वेगळंच. शेजारून मोटारी शंभरनं जात होत्या, एक स्कूटरवालाही गेला, मागे वळून हसला. किणीच्या पुढे त्यानंच गाडी थांबवली. "अब्बू, हात झोपले." कराडला चहा घेतला. कासेगावचा बांध दाखवला. साताऱ्यात फुफीच्या कबरीवर फातिहा पढलो आणि परत निघालो.

उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. सत्तरनं जाणाऱ्यानं डावी लेन धरावी हे खरं, पण आमच्याकडे डावी लेन म्हणजे ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उलट्या दिशेनं येणारे गावकरी. तासवड्याच्या अलीकडे पुढचा ट्रॅक्टर अचानक हळू झाला. मुलाचा उजवा पाय खाली दाबला गेला.

काहीच झालं नाही. व्हायचंच नव्हतं. आमच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकी तीन खाली. गाडी चौथ्यात होती, त्यामुळे दाबलेला पाय नुसता रिकामा गेला. तो शिकला स्प्लेंडरवर, पायाला तीच सवय. मी मागून "डावा, डावा!" ओरडलो. त्यानं पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी डाव्या साइडपट्टीवर घातली. ट्रॉलीतून लोंबणारं उसाचं वाढं माझ्या गुडघ्याला घासून गेलं.

साइडपट्टीवर गाडी उभी करून तो थोडा वेळ हँडल धरून बसला. मग उतरला आणि मागे जाऊन उभा राहिला. मी पुढे बसलो. घरापर्यंत कुणी विषय काढला नाही.

मित्रमंडळी विचारतात, मग नवी घेऊन दे की. नवी चांगलीच आहे. २०२१ पासूनच्या क्लासिकला हादरे मारणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, पाच गिअर, डिस्क ब्रेक, एबीएस, आणि गिअर सगळ्यांसारखा डाव्या पायाला. दिसायला आजोबा, पोटात नातू. ऐंशीला तिचा आरसा स्वच्छ दिसतो, मी एका सहकाऱ्याची चालवून पाहिलीय. ज्याला कोल्हापूर-पुणे महिन्यातून दोनदा करायचंय त्यानं तीच घ्यावी. आम्हाला सध्या फी भरायची आहे.

मुलगा सुट्टी संपल्यावर एसटीनं गेला. तावडे हॉटेलला मीच सोडलं, बुलेटवरून. बसमध्ये चढताना म्हणाला, "आठवड्यातून दोनदा तरी चालू करत जा, आणि तेल बघा." आता दर जुम्याला मशिदीला मी तीच काढतो. टॅपेट वाजायला लागलेत, सुट्टीच्या दिवशी उद्यमनगरात न्यायचीय.