बटरटब्सची खिंड आणि ग्रिंटनचा माळ

यॉर्कशायरच्या वायव्य मुलखात वेन्स्लीडेल आणि स्वेलडेल ही दोन नदीखोरी जवळजवळ समांतर पसरली असून, त्यांच्या दरम्यान हेदरच्या खुरट्या झुडुपांनी आच्छादलेले जे निर्वृक्ष, सर्वस्वी वाऱ्याच्या स्वाधीन असलेले पठार उभे आहे, ते एकदा पश्चिमेकडून आणि एकदा पूर्वेकडून ओलांडून हॉज या बाजारपेठेच्या गावी परतणाऱ्या सुमारे साठ किलोमीटरांच्या वाटेचे नाव सायकलस्वार मोठ्या आदराने घेतात. 5 जुलै 2014 रोजी ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीच्या पहिल्याच दिवशी स्पर्धक या पठारावरून गेले, तेव्हापासून हा आदर अधिकच वाढला. ती वाट आपणही एकवार आक्रमावी, या इच्छेने मी मे महिन्यातल्या एका सकाळी हॉजहून उत्तरेकडे निघालो.

सायमनस्टोनची घरे मागे पडताच चढ सुरू होतो. स्पर्धेच्या दप्तरात त्याची नोंद साडेचार किलोमीटर लांबी आणि सरासरी 6.8 टक्के चढण अशी आहे. परंतु सरासरीचा हिशेब पायांना मान्य नसतो. आपल्या सह्याद्रीतला गाडीरस्ता डोंगराची मर्जी सांभाळीत नागमोडी वळणांनी वर जातो. इथल्या वाटा मात्र ओझ्याच्या घोड्यांनी आणि मेंढपाळांनी पाडलेल्या असल्यामुळे, वळसा घेण्याचे सौजन्य न दाखविता त्या बहुधा सरळ उतरणीवर चाल करून जातात. गुरे अडविण्यासाठी रस्त्यात बसविलेली लोखंडी जाळी ओलांडली, की दगडी कुंपणे संपतात आणि मोकळा माळ सुरू होतो. सर्वांत हलका गिअर टाकूनही श्वास पुरेना, तेव्हा मी दृष्टी पुढच्या चाकासमोरच्या दोन हातांवर ठेवली आणि 526 मीटर उंचीचा माथा येईपर्यंत ती वर उचलली नाही.

माथ्यापलीकडे थोडे उतरल्यावर रस्त्यालगत चुनखडीत पाण्याने कोरलेली, वीसेक मीटर खोलीची विवरे दिसतात. हॉजच्या बाजाराला निघालेले शेतकरी विसाव्यासाठी थांबले, की लोणी विरघळू नये म्हणून त्याची भांडी या विवरांच्या गारव्यात सोडीत, अशी आख्यायिका आहे, आणि ‘बटरटब्स’ हे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगतात. मला ती आख्यायिका खरी मानावीशी वाटते, कारण या चढावर एखाद्याने पाठीवर ओझे घेऊनही विसावा घेतला नसेल, ही कल्पनाच करवत नाही.

स्वेलडेलमधल्या थ्वेट गावाकडे जाणारा तीव्र उतार ब्रेकवरचा हात ढळू न देता उतरलो. पुढच्या म्यूकर गावातले देवालय 1580 मध्ये उभे राहीपर्यंत खोऱ्याच्या वरच्या टोकाला मरण पावलेल्यांना वेताच्या पेटीत घालून, खांद्यावरून ग्रिंटनच्या दफनभूमीपर्यंत वाहून न्यावे लागे. त्या प्रेतवाटेची जुनी वहिवाट मला सोबत करीत होती. पश्चिमेचा वारा पाठीशी होता, म्हणून गनरसाइड, रीथ ही गावे झपाट्याने सरली.

ग्रिंटनपासून दुसरा चढ लागतो. तो लांबीने कमी असला, तरी पहिल्याने शक्ती खर्ची पाडलेली असल्यामुळे मला तो अधिक कठीण गेला. याच उतरणीवरच्या एका घळीत शिसे वितळविण्याचा जुना कारखाना असून, त्याचा विषारी धूर वसतीपासून दूर नेण्यासाठी बांधलेले दगडी धुराडे जमिनीसरपट चढत माळावर गेले आहे. त्याच्या भिंतींवर साचलेले शिसेही खरवडून काढीत. भट्टीला जळण म्हणून याच माळावरचे पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींची काळी माती, खणून आणीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी शिशामुळे भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे डरहॅमच्या कोळशाच्या खाणींकडे व लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघून गेली.

हे सारे डोळ्यांसमोर असल्यावर, या माळाला कुणी निसर्गाने जसेच्या तसे ठेवलेले रान म्हटले, तर ते मला पटत नाही. ग्राउज पक्ष्याला कोवळे कोंब मिळावेत म्हणून हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात आणि 12 ऑगस्टला त्याच पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चराईची जमीन वाढावी म्हणून सरकारी अनुदानाने पीटमध्ये चर खणले गेले. आता पाणी मुरावे आणि पीट टिकावे म्हणून तेच चर बुजविण्याचे काम चालू आहे. काळ्या तोंडाच्या स्वेलडेल मेंढीला कुंपण लागत नाही, कारण आपल्या कळपाच्या चराईची हद्द कोकरू आईच्या मागे हिंडत शिकते. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण ज्या कळपाबरोबर मोडीत निघते, तो कळप पुन्हा उभा करणे अतिशय दुर्घट असते. चढावर वेग मंदावला होता म्हणूनच जळालेले पट्टे, बुजविलेले चर आणि कर्ल्यू पक्ष्याची दीर्घ, आर्त शीळ यांकडे माझे लक्ष गेले. मोटारीतून हा माळ दहा मिनिटांत संपला असता.

उतारावर बोल्टनचा किल्ला दिसला. स्कॉटलंडची राणी मेरी 1568-69 मध्ये काही महिने तिथे नजरकैदेत होती. रेडमायरपासून कार्पर्बी, ॲस्क्रिग आणि बेनब्रिज या गावांवरून हॉजपर्यंतचे वीसेक किलोमीटर मात्र पाठीवरचा वारा तोंडावर घेत कापावे लागतात. ज्यांना ही प्रदक्षिणा करावयाची असेल, त्यांनी ग्रिंटनच्या माथ्यावर सारी शक्ती उधळू नये, आणि ॲस्क्रिगला थांबून अवश्य काही खाऊन घ्यावे.