चिंचोक्यांचा हिशेब आणि काकांचा लाल चोपडा

आमचं घर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. श्रावणात सातम-आठमला शेजारच्या गुजराती घरांत पत्त्यांचे डाव रंगायचे, तसे आमच्याही ओटीवर. आधी तीन पत्ती, मग मुंबईच्या भावाने पोकर आणलं. पैसे लावायचे नाहीत हा आजीचा दंडक, म्हणून लावायचे ते चिंचोके.

काका मात्र दुकानदार वापरतात तसला लाल चोपडा घेऊन बसत. आम्हाला वाटे, हार-जितीचा हिशेब असेल. तसं नव्हतं. रात्री खेळ संपला की ते फक्त दोन-तीन अवघड डाव लिहीत: हातात काय होतं, मध्ये कोणती पानं होती, किती चिंचोके मागितले, आणि मी तेव्हा काय विचार केला. निकाल सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात.

खेळणाऱ्यांबद्दलही लिहीत. 'वहिनी: पान चांगलं आलं की चहा विसरते. दोनदा पाहिलं, अजून पाहायचं.' स्वतःबद्दल एक ओळ तर वारंवार होती: 'अकरा वाजून गेले की मी उगाच खेळतो.' पुढे पुढे काका अकराला उठायला लागले.

त्या चोपड्याचा खरा उपयोग झाला तो चुलत भावाला. एका श्रावणात तो सारखा जिंकला आणि म्हणाला, आता मोबाईलवर खऱ्या पैशांनी खेळतो. काका रागावले नाहीत. त्याचाच एक डाव त्यांनी काढला. हातात दोन बदाम, मध्ये दोन बदाम, शेवटचं एक पान यायचं. मध्ये साठ चिंचोके, आणि डावात राहायला याने चाळीस घातले. बदाम आला, हा जिंकला.

"जिंकलो ना, काका!"

"जिंकलास रे. पण न दिसलेली पानं शेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ. म्हणजे पाचांत एकदा. एकदा साठ मिळतील, चारदा चाळीस जातील. कर बघू बेरीज."

पाच डावांत शंभर चिंचोके तोटा! काकांनी त्या डावाखाली आधीच लिहून ठेवलं होतं: 'जिंकला, पण खेळ चुकला.' असे त्याचे आणखी चार डाव निघाले.

"पैसे लावायचे तर लाव, पण आधी तीस डाव असे खरे खरे लिही," एवढंच काका म्हणाले. भावाने वही घातली. तीस पूर्ण झाले, पैशांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. वही मात्र चालू आहे, आणि आता तो काकांनाही हरवतो.

लिहायचं असेल तर त्याच रात्री लिहा, सकाळी आपण आपल्या सोयीचं आठवतो. हरलेले डाव सगळेच लिहितात, जिंकलेलेही लिहा.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावच्या मंडळींनो, तुमच्याकडे काय लावायचे? चिंचोके की कवड्या?