सात पॉइंट आणि एक डोंगर

छत्रपती संभाजीनगरमधल्या पुंडलिकनगरच्या गल्ल्यांमधून रविवारी सकाळी निघणाऱ्या गाड्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो. क्रूझर नाहीतर ईको, मागे पाण्याचा जार, डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि ड्रायव्हरला तोंडपाठ असलेली यादी: दौलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ, म्हैसमाळ, येताना पाणचक्की आणि मकबरा. सात पॉइंट, एक दिवस. दोन पॉइंटांच्या मधलं जे असतं ते डुलकीत संपवायचं. या यादीत जंगल कुठेच नसतं, कारण जंगल म्हणजे ताडोबा, जिप्सीचं बुकिंग, पहाटेची फेरी आणि नशिबात असला तर वाघ. त्यासाठी वेगळी सुट्टी आणि वेगळे पैसे. घोटाळा इथेच आहे. किल्ला, लेणी, देव आणि जंगल ही वेगवेगळ्या सहलींची कामं ठरली, आणि ज्या एका डोंगररांगेपायी ती सगळी आपल्या वाट्याला आली, ती रांग तेवढी बघायची राहून गेली.

सातमाळा-अजिंठा ही रांग म्हणजे मराठवाड्याच्या पठाराची उत्तरेकडची कड. दक्षिणेकडून जाणाऱ्याला ती फारशी उंच वाटत नाही; कन्नडपर्यंतचा साठेक किलोमीटरचा रस्ता हळूहळू चढत जातो आणि मग एकदम खाली खानदेश दिसतो. पैठणहून उत्तरेकडे माल न्यायचा तर ही कड कुठे ना कुठे उतरावीच लागे. जिथे घाट, तिथे वाहतूक. जिथे वाहतूक, तिथे व्यापारी, भिक्षू आणि दान. त्यात खडक काळा बेसाल्ट, थरांवर थर रचलेला, छिन्नीला सलग सापडणारा. पितळखोऱ्याची लेणी इथेच, इसवी सनापूर्वीच्या काळात कोरायला घेतली. पायऱ्या उतरून घळीत गेलं की विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग दिसते, आणि कातळातून झिरपणारं पाणी बाहेर काढण्यासाठी खोदलेल्या नाल्याही दिसतात. पाण्याने शेवटी डाव साधलाच, बराचसा दर्शनी भाग ढासळला. पण चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांची नावं उरली, आणि त्यांतला एक आहे प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, मितदेव नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. इथेच सापडलेली यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदासाचं नाव आहे आणि तो होता सोनार. पैठणच्या अत्तरवाल्याने इतक्या लांबच्या घळीत खांबाला पैसे का द्यावेत? त्याचा माल याच वाटेने जात असणार, याहून सरळ उत्तर मला दिसत नाही. यादवांनी पुढे देवगिरीसाठी, म्हणजे आजच्या दौलताबादसाठी, जो सुटा डोंगर निवडला तोही या घाटवाटांवर नजर ठेवता येईल असाच. आज त्याच किल्ल्याच्या दिल्ली दरवाजातून वेरूळचा रस्ता जातो, आणि रविवारी त्या कमानीत दोन बस समोरासमोर आल्या की मध्ययुगातला जकातनाका कसा असेल याची कल्पना फुकटात येते.

माणसांनी जी वाट वापरली तीच जनावरांनीही. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या परिसरात आला तो वाघाच्या शिकारीला. लेणी त्याला त्या नादात दिसली, आणि दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून तो मोकळा झाला. 1844 पासून तिथल्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवणारा रॉबर्ट गिलही नामांकित शिकारी होता. म्हणजे या डोंगरात सफारी आधी आली, साइटसीइंग नंतर. फक्त तेव्हा हातात कॅमेऱ्याऐवजी बंदूक असे. परिणाम व्हायचा तोच झाला, वाघ संपले. 1986 मध्ये सुमारे 260 चौरस किलोमीटरचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झालं ते बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा यांच्या भरवशावर. आणि मग 2021 च्या मार्चमध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात वाघ आला. तो यवतमाळच्या टिपेश्वरचा, तीनशेहून जास्त किलोमीटर चालून आलेला. त्याआधी 2019 मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ, गळ्यात कॉलर असलेला, तेराशे किलोमीटरची पायपीट करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. ज्ञानगंगा हीसुद्धा अजिंठ्याच्याच रांगेत. कापसाची शेतं, कालवे, हायवे ओलांडत आलेल्या या जनावरांना कुणी नकाशा दिला नव्हता. डोंगराची ओळ होती आणि ती त्यांना पुरली. वन्यजीववाले ज्याला कॉरिडॉर म्हणतात आणि इतिहासवाले ज्याला व्यापारी मार्ग म्हणतात, त्या दोन रेघा या भागात पुष्कळदा एकमेकींवर पडतात, असं म्हणायला आता हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप पुंडलिकनगरमधूनच येईल, आणि तो रास्त आहे. आठवड्याला एक सुट्टी, गाडीत गुडघे दुखणारी आजी आणि रडणारं पोर. अशा माणसाने सात ठिकाणं पाहून पैसे वसूल केले तर त्यात चूक काय? चूक काहीच नाही. पण हाच माणूस हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री काय करतो ते पाहावं. हजारो लोक घरून पायी निघतात, मिटमिटा, शरणापूर मागे टाकून दौलताबादचा घाट चढतात आणि पहाटे खुलताबादला भद्रा मारुतीसमोर उभे राहतात. रस्त्यात ठिकठिकाणी चहा आणि पाणी वाटणारे मंडप असतात. त्या रात्री कुणी पॉइंट मोजत नाही; चढ पायाला कळतो, किल्ला अंधारात किती वेळ सोबत करतो तेही कळतं. एका दिवसात, नव्हे एका रात्रीत, डोंगराची एक बाजू पुरती पाहून होते. सवय अंगात आहे, ती फक्त देवाच्या नावाने राखून ठेवली आहे. आजीसाठीही सातऐवजी दोन ठिकाणं बरी: वेरूळ आणि म्हैसमाळ. हजार मीटरच्या आसपासच्या त्या माथ्यावर बाकावर बसलं की तिला रांग सहज दिसते, त्यासाठी चढ-उतार करावे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की गौताळ्यात जाऊन दिसतं काय? खरं आहे, जनावर बहुधा दिसत नाही. अस्वलाने उकरलेलं वारूळ दिसतं, तळ्याकाठच्या चिखलात खुरांचे ठसे दिसतात, साग पानगळीला लागला की पाचोळ्यातून सरडा धावला तरी दचकायला होतं. ज्याला वाघ बघायचाच आहे त्याच्यासाठी महापालिकेचं सिद्धार्थ उद्यान आहे आणि मिटमिट्याला मोठं प्राणीउद्यान उभं राहतंय. मुलांनी तिथे जरूर जावं. पण वाघ दिसला म्हणजे जंगल पाहून झालं, हा हिशेब मला स्मिथसाहेबाच्या हिशेबाहून फार वेगळा वाटत नाही. 2021 चा तो वाघ पाहुण्यांच्या गर्दीत कुणालाही दिसला नाही, आणि तरी गेल्या कित्येक वर्षांत या डोंगराविषयी कळलेली सगळ्यात मोठी बातमी तीच होती.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे: लोक खरंच पितळखोरा-गौताळ्याकडे वळले तर तिथेही स्पीकर, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि रीलवाले येतील. म्हैसमाळच्या पावसाळी रविवारांकडे पाहून ही भीती खोटी म्हणवत नाही. तरी न पाहिलेल्या डोंगराची बाजू घ्यायला कुणी उभं राहत नाही, हेही तितकंच खरं, आणि त्याची परीक्षा घाटातच होणार आहे. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव अजून मिरवणारा कन्नडचा हा घाट अभयारण्यातून जातो. 2021 च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून तो बंद पडला. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अवजड वाहनांना तिथे मनाई केली. बोगद्याची मागणी जुनीच आहे. तो झालाच, तर वरचा रस्ता रात्री वाहनांना बंद करून जनावरांसाठी सोडायचा, की माथ्यावर व्ह्यू पॉइंट, सेल्फी स्टँड आणि भज्यांच्या गाड्या लावून आठवा पॉइंट तयार करायचा, हे तेव्हा ठरवावं लागेल. गाडीवाल्यांचं मत आठव्या पॉइंटच्या बाजूने असेल यात शंका नाही. माझं रात्रीच्या फाटकाच्या बाजूने आहे, चाळीसगावकडे जाणारी रुग्णवाहिका तेवढी सोडून.