बटन बंद, तरी ट्रिप

थंडी सुरू झाली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांमधून पाणी तापवायचे रॉड माझ्याकडे येऊ लागतात. त्यांतल्या मेलेल्या रॉडचं मला काही वाटत नाही. १५०० वॉटच्या रॉडला फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये मीटरवर साधारण ३५ ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर आधी प्लग आणि रॉडचं टोपण उघडायचं. स्क्रू ढिला पडून तार जळालेली असते बऱ्याचदा. काळा भाग कापून टाकला, नवी टोकं घट्ट कसली की काम झालं. नळीच्या आतलीच तार तुटली असेल तर उपाय नाही.

धास्ती वाटते ती चालू रॉडची. बादलीभर पाणी अर्ध्या तासाच्या आत कढत करून देतो, त्यामुळे कुणी संशय घेत नाही. नळीच्या आत निक्रोमच्या तारेची गुंडाळी असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली. ही भुकटी उष्णता बाहेर सोडते, वीज मात्र अडवते. ओल लागली की तिचा भरवसा संपला. आमच्याकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत नळीवर क्षारांचं जाड कवच चढतं. उष्णता आत कोंडते, नळी नको तेवढी तापते आणि कुठेतरी केसाएवढी चीर पडते. लोक ते कवच सुरीनं खरवडतात, त्याबरोबर निकेलचा मुलामाही जातो. लिंबूफुलाच्या पाण्यात नळी बुडवून ठेवली तर कवच आपोआप सुटतं, पण एवढा धीर कुणाला!

मागच्या थंडीत शेजारच्या काकू रॉड घेऊन आल्या. "अहो, बटन बंद असतं, नुसता पाण्यात सोडला तरी घरातली लाइट जाते. आता काय म्हणायचं याला?" त्यांच्या मुलाचं निदान तयार होतं: करंट गळला की लाइट तोडणारा ट्रिपर जुना झालाय, काढून टाकू.

मी त्यांच्या घरी जाऊन आधी टेस्टरनं बोर्ड तपासला. बटन फेजवरच होतं, वायरिंग ठीक. मीटरवर ३६ ओहम, म्हणजे कॉइलही ठणठणीत. पिन आणि नळी यांच्यात मीटर काहीच दाखवेना. पण मीटरची बॅटरी ९ व्होल्टची. तेवढ्यावर कोरडा रॉड निर्दोषच दिसतो. मग रॉड खुणेपर्यंत पाण्यात ठेवला आणि ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजणारा मेगर लावला. काटा शून्यालगत.

बटन फक्त फेज तोडतं, न्यूट्रल रॉडला जोडलेलीच राहते. घरात फ्रिज, पंखे चालू असले की न्यूट्रलवरही थोडं व्होल्टेज असतं. चीर न्यूट्रलच्या टोकाकडे होती. परतीच्या करंटचा एक फाटा तिथून नळीवर आणि नळीवरून अर्थिंगमध्ये जात होता. गेलेला आणि आलेला करंट जुळेना, म्हणून ३० मिलीअँपिअरचा ट्रिपर पडत होता. साऱ्या घरात तेवढा एकच शुद्धीवर होता, आणि त्यालाच काढायला निघाले होते!

१८९० साली सयाजीराव महाराजांनी तंत्रशिक्षणासाठी कलाभवन काढलं ते याच शहरात. इथेच मकरपुऱ्याला एर्डा या विद्युत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत विजेच्या उपकरणांच्या चाचण्या होतात. आणि तरीही घरोघरी सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन पक्कडीनं मोडतात. अशा रॉडला चीर पडली तर प्लास्टिकच्या बादलीत करंटला वाट मिळत नाही. ट्रिपरही गप्प राहतो. ओल्या फरशीवर उभं राहून कुणी पाण्यात हात घातला की वाट मिळते.

नुसत्या दमटपणामुळे मेगर खाली आला असेल तर रॉड दोन-तीन दिवस उन्हात वाळवून पुन्हा मोजतो; काटा वर चढला तर टोपणाचं तोंड सील करून परत देतो. चिरलेल्या नळीला ही सवलत नाही. काकूंना नवा आणायला सांगितलं, आयएसआय शिक्का बघून, आणि सोळा अँपिअरच्या सॉकेटवरच लावायला. जुना भंगारात घालण्याआधी त्याची वायर टोपणापाशीच कापली आणि नळी वाकवून टाकली. नाहीतर घासूनपुसून तो बाजारात पुन्हा विकायला येतो.